कणावर कवच चढवताना : काय करावे, काय टाळावे

पॉलिस्टायरीनचा गाभा आणि त्यावर सिलिकाचे कवच, किंवा लोहऑक्साइडचा गाभा आणि त्यावर पॉलिमरचे. संमिश्र नॅनोकणांवरच्या अनेक प्रबंधांची सुरुवात या दोहोंपैकी एका रचनेने होते, आणि अनेक प्रबंध रखडतातही इथेच. छापील कृती जशीच्या तशी केली तरी कवच चढत नाही, कण गोळा होऊन तळाशी बसतात, नाहीतर गाभा वेगळा आणि सिलिका वेगळी असे मिश्रण हाती येते. मग नवे रसायन मागवले जाते. दोष मात्र बहुधा रसायनाचा नसतो. आधीच्या पायरीवर काय तयार झाले ते न पाहताच पुढची पायरी सुरू केलेली असते.

खालच्या सूचना एम.एस्सी.च्या प्रकल्पाला लागलेल्या आणि पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांत असलेल्या मुलामुलींसाठी आहेत. मुख्य उदाहरण एकच घेतले आहे : २०० नॅनोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीन कणावर २० नॅनोमीटर जाडीचे सिलिकाचे कवच.

सुरू करण्याआधी

करावे : आधी कागदावर हिशेब मांडा. १ ग्रॅम पॉलिस्टायरीन घेतले. घनता १.०५, म्हणजे आकारमान सुमारे ०.९५ घन सेंटिमीटर. कणाचा व्यास २०० वरून २४० नॅनोमीटर व्हायला हवा. व्यास १.२ पट झाला की आकारमान १.७३ पट होते. म्हणजे कवचाचे आकारमान गाभ्याच्या ०.७३ पट, साधारण ०.६९ घन सेंटिमीटर. या पद्धतीने बनणाऱ्या सिलिकाची घनता २ च्या आसपास असते, तेव्हा सिलिका लागेल जवळजवळ १.४ ग्रॅम. ती टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेटमधून, म्हणजे टीईओएसमधून यायची आहे. टीईओएसचा रेणुभार २०८, सिलिकाचा ६०. १ ग्रॅम टीईओएसमधून जास्तीत जास्त ०.२९ ग्रॅम सिलिका मिळते. म्हणजे टीईओएस ४.८ ग्रॅम, सुमारे ५.२ मिलिलिटर.

अवघ्या २० नॅनोमीटरच्या कवचाचे वजन गाभ्याहून जास्त भरते, हे हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘पातळ थर तर आहे, अर्धा मिलिलिटर पुरे’ अशा अंदाजाने काम केले तर कवच जेमतेम २ नॅनोमीटरचे होईल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखूही येणार नाही आणि ‘पद्धत चालत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष वहीत जाईल.

करावे : पृष्ठभागाचाही हिशेब करा. वरच्या १ ग्रॅम कणांचा एकूण पृष्ठभाग सुमारे २८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फुटांच्या आसपास भरतो. सर्फॅक्टंट, पीव्हीपी, सिलेन, जे काही कणाच्या अंगावर बसवायचे ते या क्षेत्रफळाला पुरले पाहिजे.

टाळावे : मात्रा वजनाने उचलू नका. छापील कृतीतला गाभा ४०० नॅनोमीटरचा आणि तुमचा २०० चा असेल तर त्याच वजनात तुमच्याकडे पृष्ठभाग दुप्पट आणि कण आठपट आहेत. कृती तीच दिसते, प्रयोग वेगळा होतो.

गाभा तयार करताना

करावे : स्टायरीनमधले निरोधक काढा. बाटलीतले स्टायरीन आपोआप घट्ट होऊ नये म्हणून कंपनी त्यात टर्शरी-ब्युटिलकॅटेकॉल घालते, दहा लाखांत साधारण १० ते १५ भाग. अल्कधर्मी ॲल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून स्टायरीन एकदा सोडा. निरोधक काढलेले स्टायरीन त्याच दिवशी वापरा. निरोधक गेल्यावर ते बाटलीत साठवायचे द्रव्य राहत नाही.

करावे : ऑक्सिजन हाकला. पाणी आणि स्टायरीन दोन्हींतून नायट्रोजनचे बुडबुडे अर्धा तास तरी जाऊ द्या, आणि अभिक्रिया सुरू असताना वरून मंद प्रवाह चालू ठेवा. पोटॅशियम परसल्फेट घातल्यावर बराच वेळ काहीच घडत नसेल, पांढरट निळसर झाक येत नसेल, तर अधिक परसल्फेट ओतण्याआधी सेप्टम गळतो आहे का ते पाहा. जादा परसल्फेट म्हणजे द्रावणात जादा क्षार, आणि क्षार वाढले की कणांचा आकार बदलतो, फारच वाढले तर कण गोळा होतात.

करावे : शक्य असेल तिथे साबणाशिवाय करा. सर्फॅक्टंट न वापरता परसल्फेटवर पॉलिस्टायरीन बनवण्याची पद्धत १९७० च्या दशकात ब्रिस्टलमध्ये गुडविन आणि सहकाऱ्यांनी नीट बसवली. परसल्फेटचे ऋणभारित सल्फेट गट साखळीच्या टोकाला राहतात आणि तेच कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. साबण नाही, म्हणजे पुढे तो धुऊन काढायची कटकट नाही. कवच चढवायच्या गाभ्यासाठी मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. आकार तापमानावर, क्षारांवर आणि स्टायरीनच्या प्रमाणावर ठरतो, त्यामुळे या तिन्ही गोष्टी दर वेळी नोंदवल्याच पाहिजेत.

टाळावे : सगळे स्टायरीन एकदम घालून घरी जाऊ नका. स्टायरीनचे पॉलिमर होताना दर मोलमागे सुमारे ७० किलोज्यूल उष्णता निघते. १०० ग्रॅम स्टायरीन आणि ४०० ग्रॅम पाणी अशा मिश्रणात ती सगळी अडकली तर तापमान ३५ अंशांहून अधिक चढू शकते. अभिक्रिया ७० अंशांवर चालू असेल तर पुढे काय होईल ते वेगळे सांगायला नको. रात्री वीज गेली की स्टरर थांबतो, कंडेन्सरचे पाणी थांबते, अभिक्रिया मात्र थांबत नाही. मोठी बॅच असेल तर स्टायरीन हळूहळू पंपाने द्या, आणि स्टरर व पंप दोन्ही यूपीएसवर ठेवा. लहान बॅचसाठीही सकाळी लवकर सुरुवात करणेच बरे.

टाळावे : नळाचे किंवा जुन्या कॅनमधले डिस्टिल्ड वॉटर. १८.२ मेगाओहमचे पाणी, त्याच दिवशी भरलेले.

ढवळण्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. स्टायरीन पाण्यापेक्षा हलके, घनता ०.९१, पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा जड. म्हणजे सुरुवातीला थेंब वर येऊ पाहतात आणि शेवटी मोठे कण खाली बसू पाहतात. काही मायक्रोमीटरच्या पुढचे कण एकसारखे वाढवताना हीच अडचण इतकी छळते, की अमेरिकेत लीहाय विद्यापीठाच्या व्हँडरहॉफ यांच्या गटाने ते कण थेट अंतराळयानात, भारहीन अवस्थेत वाढवले. १९८३ मध्ये चॅलेंजर यानात तयार झालेले १० मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीनचे गोळे १९८५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने मोजमापाचा मानक नमुना म्हणून विकायला ठेवले. अंतराळात तयार होऊन विकली गेलेली ती पहिली वस्तू. २०० नॅनोमीटरच्या कणाला यानात पाठवायची गरज नाही. पण स्टररचे फेरे किती, पाते कोणते, फ्लास्क किती मापाचा, हे वहीत असलेच पाहिजे.

टाळावे : लोहऑक्साइड बनवताना चुंबकीय गोळी. फेरस आणि फेरिक क्षार १ ला २ या प्रमाणात घेऊन अल्कलीत टाकले की मॅग्नेटाइटचा काळा साका येतो. मासार यांनी १९८१ मध्ये या पद्धतीने स्थिर चुंबकी द्रव बनवून दाखवले. तो साका बनताक्षणी स्टररच्या गोळीला जाऊन चिकटतो आणि ढवळणे तिथेच संपते. वरून फिरणारा यांत्रिक स्टररच हवा. फेरस क्लोराइड ताजे वापरा. जुन्या बाटलीतले बरेचसे आधीच फेरिक झालेले असते, मग काळ्याऐवजी तपकिरी साका मिळतो आणि चुंबकाकडे ओढही कमी दिसते.

धुणे

या टप्प्याला कोणी मानाचे स्थान देत नाही आणि सगळ्यात जास्त प्रयोग इथेच वाया जातात.

करावे : धुणे कुठे थांबवायचे ते मोजून ठरवा. ‘तीन वेळा धुतले’ याला अर्थ नाही. डायलिसिस करत असाल तर बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. ताज्या पाण्याइतकी आली आणि दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली की थांबा. सेंट्रिफ्यूज करत असाल तर वरच्या निवळीची वाहकता पाहा, आणि ती निवळी बोटांत घेतलेल्या कुपीत जोराने हलवा. फेस टिकून राहिला तर सर्फॅक्टंट अजून आत आहे.

करावे : सेंट्रिफ्यूजचा जोर ‘जी’मध्ये लिहा. मिनिटाला ८००० फेरे एका रोटरवर एक जोर देतात, दुसऱ्यावर दुसरा. फेऱ्यांचा वर्ग करा, रोटरच्या त्रिज्येने सेंटिमीटरमध्ये गुणा, त्याला ०.००००११२ ने गुणा. येईल तो आकडा वहीत जाऊ द्या.

टाळावे : मऊ पॉलिमरचे कण तळाशी बसवणे. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होते, म्हणून खोलीच्या तापमानाला त्याचा गोळा पुन्हा सोडवता येतो. पॉलिब्युटिल ॲक्रिलेट शून्याखाली ५० अंशांच्या आसपासच मऊ झालेले असते. त्याचे कण नळीच्या तळाशी दाबले गेले की एकमेकांत मिसळून एकसंध रबर होते, मग कितीही सॉनिकेशन करा. अशा कणांना डायलिसिसच योग्य.

टाळावे : वाळवून ठेवणे आणि गोठवणे. लॅटेक्सची पावडर करून ‘नंतर पाण्यात सोडू’ म्हणणाऱ्याला सुटे कण परत मिळत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. बर्फ होताना कण स्फटिकांच्या मधल्या फटींत रेटले जातात आणि तिथेच चिकटतात.

सिलिकाचे कवच

श्टोबर, फिंक आणि बोन यांनी १९६८ मध्ये दाखवले, की अल्कोहोलमध्ये थोडे पाणी आणि अमोनिया घालून टीईओएस टाकले तर एकसारख्या आकाराचे सिलिकाचे गोळे मिळतात, ०.०५ पासून २ मायक्रोमीटरपर्यंत. कवच चढवण्याची बहुतेक कामे आजही याच अभिक्रियेवर चालतात. फरक इतकाच, की इथे सिलिकाने स्वतंत्र गोळे न करता आपल्या गाभ्यावर बसायला हवे.

करावे : गाभ्याला आधी सिलिकाजोगा करा. नुसत्या पॉलिस्टायरीनच्या ऋणभारित अंगावर ऋणभारित सिलिका सहज बसत नाही. ग्राफ, व्हॉसेन, इमहॉफ आणि व्हॅन ब्लाडरेन यांनी २००३ मध्ये मांडलेला उपाय सोपा आहे : गाभ्यावर आधी पीव्हीपी, म्हणजे पॉलिव्हिनिलपायरोलिडोन, बसू द्या, जादा पीव्हीपी काढून टाका, कण अल्कोहोलमध्ये न्या आणि मग टीईओएस द्या. पॉलिस्टायरीन, सोने, चांदी अशा निरनिराळ्या गाभ्यांवर तो चालतो. सोन्यासाठी दुसरीही वाट आहे. लिझ-मार्झान, गियर्सिग आणि मलव्हेनी यांनी १९९६ मध्ये अमिनो सिलेनचा एक थर आधी देऊन सोन्यावर सिलिका चढवली. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच, मध्ये दुवा हवा.

करावे : टीईओएस थोडेथोडे द्या. संक्रांतीचा काटेरी हलवा करणारी बाई खसखशीवर पाक चमचा-चमचा घालते आणि आधीचा वाळल्याशिवाय पुढचा घालत नाही. सगळा पाक एकदम ओतला तर दाण्यावर काटा येण्याऐवजी लगदा होतो. इथे एकदम ओतल्याचा परिणाम जरा निराळा दिसतो. द्रावणात विरघळलेल्या सिलिकाचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की तिला गाभ्याची गरज उरत नाही, ती स्वतःचे नवे कण जन्माला घालते. लामेर आणि डाइनेगर यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कणांवर हे स्पष्ट केले : मर्यादेच्या वर नवे कण जन्मतात, खाली फक्त असलेले वाढतात. तुम्हाला सतत त्या मर्यादेच्या खाली राहायचे आहे. म्हणून वरच्या हिशेबातले ५.२ मिलिलिटर टीईओएस अल्कोहोलमध्ये पातळ करून सिरिंज पंपाने काही तास द्या. पंप नसेल तर लहान-लहान भाग करून, मध्ये पुरेसा वेळ सोडून द्या.

नवे कण झाले आहेत का, हे ओळखायला टीईएमच्या, म्हणजे पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, तारखेची वाट पाहायची गरज नाही. थोडा नमुना सेंट्रिफ्यूज करा. जड कवचधारी कण खाली बसल्यावर वरचे पाणी स्वच्छ न राहता निळसर, धुरकट राहिले, तर त्यात बारीक सुटी सिलिका आहे.

करावे : अमोनियाची बाटली तपासा. ‘२५ टक्के’ असे लेबल असले तरी बऱ्याचदा उघडलेल्या बाटलीतला अमोनिया उडून गेलेला असतो. आम्लाने टायट्रेट करा, खरा आकडा वापरा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि श्टोबर पद्धतीत आकाराचा मेळ बसत नसेल तर मी सर्वांत आधी याच बाटलीकडे पाहायला सांगते.

करावे : तापमान बांधून घ्या. तापमान वाढले की या पद्धतीत कण सर्वसाधारणपणे लहान होतात. विदर्भातल्या मे महिन्यात ‘खोलीचे तापमान’ आणि पुण्यातल्या डिसेंबरात ‘खोलीचे तापमान’ हे एकच शब्द असले तरी प्रयोग दोन आहेत. फ्लास्क २५ अंशांच्या पाण्यात ठेवा.

टाळावे : इथेनॉल संपले म्हणून आयसोप्रोपेनॉल. शुद्ध अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, साठा संपला की नवा यायला वेळ जातो, हे सगळे खरे. पण अल्कोहोल बदलले की वेग आणि आकार दोन्ही बदलतात. श्टोबर यांच्याच मूळ कामात मिथेनॉलमध्ये सर्वांत लहान आणि ब्युटेनॉलमध्ये सर्वांत मोठे कण मिळाले होते. बदलायचेच असेल तर नवी पद्धत समजून पहिल्यापासून सगळे बसवा. विकृत स्पिरिट तर नकोच; त्यात काय काय मिसळले आहे याची खात्री नसते.

टाळावे : पीएमएमएचा, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटचा, गाभा या मिश्रणात बेफिकिरीने टाकणे. शुद्ध पाण्यात न विरघळणारे आणि शुद्ध इथेनॉललाही सहसा दाद न देणारे पीएमएमए दोघांच्या ठरावीक मिश्रणात फुगते, विरघळूही शकते. श्टोबर पद्धतीत नेमके असेच मिश्रण असते. पॉलिस्टायरीनसोबत हा धोका नाही.

टाळावे : काम झाल्यावर कण अमोनियातच ठेवणे. अल्कधर्मी द्रावणात सिलिका हळूहळू विरघळते आणि दुसरीकडे बसते. सोमवारचे कवच पुढच्या सोमवारी तेच नसते. त्याच दिवशी अल्कोहोलने धुवा, मग पाण्याने.

उलट रचना : आत अकार्बनी, बाहेर पॉलिमर

करावे : अकार्बनी कणाला पॉलिमरशी जोडणारा हात द्या. सिलिकासाठी तो हात म्हणजे मेथॅक्रिलॉक्सिप्रोपिल ट्रायमेथॉक्सिसिलेन, प्रयोगशाळेत सगळे एमपीएस म्हणतात. त्याचे एक टोक सिलिकाला धरते, दुसरे टोक स्टायरीनबरोबर साखळीत सामील होते. त्याचे प्रमाण बदलून एकाच सिलिका कणावर एक पॉलिमरचा गोळा, अनेक गोळे किंवा सलग कवच अशा निरनिराळ्या रचना मिळतात. फ्रान्समध्ये बुर्जा-लामी, रावेन, द्युगे यांच्या कामातून डंबेलसारखे, चार टोकांचे आणि रासबेरीसारखे खडबडीत कण याच मार्गाने आले. लोहऑक्साइडसाठी ओलेइक आम्ल वापरतात. ते चढले की कण पाणी सोडून तेलात जातात. तेलात गेले नाहीत तर पुढे जाऊ नका.

करावे : मिनिइमल्शन करत असाल तर हेक्साडेकेन विसरू नका. लहान थेंबांतले स्टायरीन पाण्यातून मोठ्या थेंबांत सरकते आणि लहान थेंब नाहीसे होतात. पाण्यात अजिबात न विरघळणारे थोडे हेक्साडेकेन आत असले की हे थांबते, आणि प्रत्येक थेंब जसा आहे तसा कण होतो. उगेलस्टाड, एल-आसर आणि व्हँडरहॉफ यांनी थेंबांमध्येच पॉलिमर सुरू होऊ शकतो हे १९७३ मध्ये दाखवले. प्रोबने सॉनिकेशन करताना बीकर बर्फात हवे, नाहीतर थेंब बनायच्या आधीच पॉलिमर सुरू होतो.

नॉर्वेच्या उगेलस्टाड यांचेच पुढचे काम, एकसारख्या आकाराच्या सच्छिद्र पॉलिमर गोळ्यांच्या आत लोहऑक्साइड भरणे, आज जगभरच्या रोगनिदान आणि पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत चुंबकी मणी म्हणून वापरात आहे. कोविडच्या काळात नमुन्यातला आरएनए वेगळा करायला वापरलेल्या संचांपैकी अनेकांत सिलिका चढवलेले चुंबकी कणच होते. कवच नीट चढले की नाही हा प्रश्न तेव्हा अहवालाच्या अचूकतेचा प्रश्न झाला होता.

टाळावे : कोण आत आणि कोण बाहेर हे आपण ठरवतो असे मानणे. दोन पॉलिमरांपैकी ज्याला पाणी जास्त आवडते ते बाहेर यायला पाहते. टोर्झा आणि मेसन यांनी १९७० मध्ये तीन द्रवांच्या थेंबांवर हे पृष्ठताणांच्या भाषेत मांडले. १९८३ मध्ये ली आणि इशिकावा यांनी उलटी पालटलेली लॅटेक्स दाखवली : पाणीप्रिय पॉलिमर आधी बनवून त्यावर पाणीविरोधी चढवायला गेले, तर दुसरे आत घुसून गाभा झाले. क्रमाने टाकले म्हणून क्रमाने बसले असे होत नाही. क्रम टिकवायचा असेल तर गाभ्याला जाळीबंधन द्या, किंवा स्टायरीन इतके मंद द्या की ते कणावर पडताक्षणी पॉलिमर होईल.

पाहणे आणि मोजणे

करावे : एका पुराव्यावर कवच सिद्ध मानू नका. आपल्या उदाहरणात १ ग्रॅम गाभ्यावर १.४ ग्रॅम सिलिका आहे. टीजीएमध्ये, म्हणजे तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रात, हवेत तापवल्यावर पॉलिस्टायरीन जळून जाईल आणि सुमारे ५८ टक्के राख उरायला हवी, सिलिकात अडकलेल्या पाण्याचा थोडा फरक सोडून. ५८ च्या जवळ आली, पण टीईएममध्ये गाभे उघडेच दिसतात? म्हणजे सिलिका बनली, फक्त सुटी बनली. राख कमी आली आणि कवच दिसते आहे? म्हणजे टीईओएस पूर्ण वापरले गेले नाही. दोन पुरावे एकमेकांशी भांडतात तेव्हाच खरी माहिती मिळते.

तिसरा पुरावा सर्वांत स्वस्त : थोडे कण टोल्युइनमध्ये घाला. पॉलिस्टायरीन विरघळून निघाले आणि टीईएममध्ये पोकळ कवचे उरली, तर कवच आहे आणि त्याला छिद्रे आहेत. चौथा, झीटा विभव वेगवेगळ्या पीएचला मोजा. सिलिकाचा भारशून्य बिंदू पीएच २ च्या आसपास असतो. कणाने तिकडे झुकायला हवे.

टाळावे : डीएलएसच्या, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्राच्या, एका आकड्यावर विसंबणे. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांत विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. धुळीचे चार कण पूर्ण अहवाल बिघडवू शकतात, आणि ‘संख्येनुसार वितरण’ हे बटण दाबले की तेच यंत्र वाटेल तसे सुंदर शिखर दाखवते. ज्यावरून ते काढले तो तीव्रतेचा आलेख नेहमी सोबत द्या.

टाळावे : टीईएममधल्या प्रत्येक फिकट कड्याला कवच म्हणणे. नीट न धुतलेला सर्फॅक्टंट वाळताना कणाभोवती जमतो आणि हुबेहूब कवचासारखा दिसतो. पीएमएमए इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने डोळ्यांदेखत आकसते. पॉलिमरचे दोन थर एकमेकांपासून वेगळे दिसतच नाहीत. स्टायरीनच्या थरासाठी रुथेनियम टेट्रॉक्साइडने रंगवावे लागते, आणि ते विषारी असल्याने जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच.

करावे : सुंदर चित्राबरोबर साधे चित्रही ठेवा. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या केंद्रात नमुना पाठवला तर यंत्रावरचा वेळ मोजका मिळतो. पाठवताना सोबत कागद द्या : कमी वर्धनाची किमान तीन चित्रे जाळीच्या निरनिराळ्या भागांतून हवीत, मगच जास्त वर्धनाचे. दोनशे कण मोजून काढलेला सरासरी व्यास आणि विचलन द्या. जवळून काढलेल्या एका देखण्या कणाच्या चित्रावर उभा असलेला प्रबंध परीक्षकाच्या पहिल्या प्रश्नालाच डगमगतो.

पोकळ कण, आणि सुरक्षा

पोकळ कण ही काही केवळ प्रयोगशाळेतली हौस नाही. रोम अँड हास कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणलेले पोकळ लॅटेक्स आजही रंगांत जाते. आम्लधर्मी गाभ्याला गरम अमोनियाने फुगवायचे, बाहेर कडक स्टायरीनचे कवच, रंग वाळला की आतले पाणी जाऊन हवेची पोकळी उरते. ती प्रकाश विखुरते आणि महागडे टायटेनियम डायॉक्साइड कमी लागते.

करावे : पोकळ सिलिकासाठी आतला पॉलिमरचा गाभा जाळताना तापमान हळू चढवा. मिनिटाला एक-दोन अंश, ५०० ते ५५० पर्यंत. घाई केली तर आत तयार झालेला वायू कवच फोडून बाहेर येतो.

टाळावे : सिलिकाचा साचा काढायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल. बहुतेक कामांत गरम कॉस्टिक सोड्याने भागते. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नाही आणि ते वापरायचे प्रशिक्षण नाही, अशा प्रयोगशाळेत ही बाटली असूच नये. त्वचेवर पडल्यावर सुरुवातीला वेदना जाणवेलच असे नाही, आत मात्र ते हाडापर्यंत पोहोचते.

टाळावे : ॲक्वा रेजियाची बाटली बूच लावून ठेवणे. पिरान्हा द्रावणात ॲसिटोनचा थेंबही जाऊ देणे. कोरडी नॅनोपावडर उघड्या टेबलावर तोलणे. कण ओलेच ठेवा, तोलणे फ्यूम हूडमध्ये.

टाळावे : धुण्याचे पाणी सिंकमध्ये ओतणे. त्यात कण आहेत, स्टायरीनचे अवशेष आहेत, अमोनिया आहे. कण असलेल्या पाण्यात मीठ घालून त्यांना गोळा करा, गाळा, गाळ घातक कचऱ्याच्या डब्यात टाका. सेंद्रिय द्रावणे वेगळ्या कॅनमध्ये, वर लेबल आणि तारीख. तुमच्या विभागात अशा कचऱ्याची सोय नसेल तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या, आणि सोय होईपर्यंत मोठी बॅच हाती घेऊ नका.